सांपडलें खरें, पण कोठें?

नव्या लेंग्यांत नाडी ओंवण्याचें काम घरांत बहुधा ज्याला दुसरें कांहीं काम नसतें त्याच्याकडे येतें. ओंवणारा नाडी पुढें पुढें सारीत असतो आणि नेफ्याचें कापड तिच्यावर चुण्या घालीत गोळा होत असतें. हातभर नाडी आंत गेली म्हणजे ती कापडांत हातभर पुढें गेली, असें मुळींच नसतें. आतां कल्पना करा कीं, नेफ्याच्या आंतल्या बाजूस एके ठिकाणीं लहानशी चीर आहे. ती नाडीच्या टोंकाला लागली, आणि नेमकी तीच जागा बाहेर बसलेल्या शिंप्याला दाखवावयाची आहे. ‘हातभर नाडी आंत असतांना लागली’ एवढ्या सांगण्यावरून बिचारा शिंपी काय समजणार? मोठ्या आंतड्याची दुर्बिणीनें तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपुढें हाच प्रश्न नित्य उभा असतो.

ही तपासणी हल्लीं अपूर्व राहिलेली नाहीं. आजोबांच्या शौचांतून रक्त गेलें, काकूंचें वजन विनाकारण उतरूं लागलें, किंवा वडिलांच्या सख्ख्या भावाला आंतड्याचा कर्करोग झाला होता, अशा निमित्तांनीं डॉक्टर ‘एकदां दुर्बीण घालून पाहूं’ म्हणतात. मग एक दिवस पातळ अन्न, एक रात्र रेचकाची, आणि दुसरे दिवशीं कोलॉनोस्कोपी. रिपोर्ट घरीं आला म्हणजे शिकलेली मंडळी त्याच्याभोंवतीं जमतात. काय सांपडलें, ही ओळ सर्वजण पुनःपुन्हां वाचतात. कोठें सांपडलें, ही ओळ मात्र पाकिटावरील पिनकोडाप्रमाणें नजरेआड होते. वस्तुतः पुढें शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर तिचें यशापयश बऱ्याच अंशीं या दुसऱ्या ओळीवर अवलंबून असतें.

सर्वच अवयव असे लबाड नाहींत. अन्ननलिका ही विहिरीसारखी सरळ आहे. दोर किती सोडला यावरून पोहरा किती खोल गेला हें जसें कळतें, तसें पुढच्या दांतांपासून दुर्बीण किती सेंटिमीटर आंत गेली यावरून तेथील व्रणाची जागा ठरते. प्रौढ माणसांत सुमारें ४० सेंटिमीटरवर जठराचें दार लागतें. घेराचा कोणता भाग हें सांगण्यासाठीं डॉक्टर घड्याळाच्या तबकडीची भाषा वापरतात: व्रण तीनच्या कांट्यावर आहे, सहाच्या कांट्यावर आहे, वगैरे. खोली आणि कांटा या दोन आंकड्यांत पत्ता पुरा झाला. जठर ही मात्र पिशवी. तेथें खोलीचा आंकडा कामास येत नाहीं. म्हणून तेथें देवळांतील प्रदक्षिणेची युक्ति पत्करावी लागते. ठरलेल्या क्रमानें, एकही भिंत न वगळतां, छायाचित्रें घेत जावयाचीं. केंशी याओ या जपानी तज्ज्ञांनीं सुचविलेल्या पद्धतींत अशीं २२ छायाचित्रें आहेत. चित्राच्या क्रमांकावरूनच भिंत ओळखतां येते. आणि एखादें चित्र नसलें, तर तो भाग पाहिलाच गेला नाहीं, हें मागाहून वाचणाऱ्यालाही समजतें.

जपानचा या प्रश्नाशीं संबंध जुना आहे. जठराच्या कर्करोगानें त्या देशांत फार माणसें दगावत. १९५० सालीं टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयांतील डॉ. तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे मुत्सुओ सुगिउरा व मासाहारू फुकामी यांनीं गिळतां येईल अशा नळीच्या टोंकाला बसणारा चिमुकला कॅमेरा सिद्ध केला. त्यांत फिल्म होती, दिवा होता. परंतु बाहेरून डोकावून पाहण्याची सोय नव्हती. डॉक्टर कळ दाबीत आणि आंत कशाचें चित्र निघालें हें फिल्म धुऊन झाल्यावर पाहत. चित्रांत व्रण दिसला तरी तो जठराच्या कोणत्या भिंतीवरचा, हें त्या चित्रांत कोठून लिहिलेलें असणार? एकदां अंधाऱ्या खोलींत प्रयोग चालू असतां दिवा लागतांच पोटाची कातडी आंतून उजळते, असें उजींच्या लक्षांत आलें. प्रकाशाचा ठिपका पोटावर जेथें दिसेल, तेथें आंत कॅमेरा! पुढें खोलींत काळोख करून, पोटावरील त्या उजेडाकडे पाहत पाहत चित्रें घेण्याचा प्रघात पडला. आंतील जागा बाहेर दाखविण्याचा इतका सुंदर आणि इतका फुकटचा उपाय पुन्हां कोणाला सुचला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

त्यानंतरचा इतिहास पुष्कळांस ठाऊक असेल, म्हणून थोडक्यांतच सांगतों. १९५४ सालीं लंडनांत हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वळणावळणानें नेतां येतें, हें प्रसिद्ध केलें. १९५७ सालीं अमेरिकेंत बेझिल हिर्शोविट्झ यांनीं त्या तत्त्वावरचा गॅस्ट्रोस्कोप प्रथम स्वतःच्याच घशांत घातला. १९८३ सालीं वेल्च ऍलिन कंपनीनें तंतूंच्या जागीं इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसविला. या शेवटच्या फरकाचें महत्त्व विशेष आहे. तोंवर नळीला एकच डोळा लावतां येई. जें दिसे तें एकट्या डॉक्टराला दिसे. आतां चित्र पडद्यावर आलें, आणि परिचारिका, मदतनीस, शिकाऊ डॉक्टर असें सर्वांनीं एकच वस्तु एकाच क्षणीं पाहणें शक्य झालें. पडद्यावर बोट ठेवून ‘हें पाहा’ म्हणण्याची सोय खरी तेव्हांपासूनची.

आतां मोठ्या आंतड्याकडे येऊं. तें सुमारें दीड मीटर लांब असतें. त्याचे कांहीं भाग पाठीमागच्या भिंतीला घट्ट बसलेले, तर कांहीं लोंबते. नळी आंत सारतांना लोंबता भाग ताणला जातो, त्याला फांसे पडतात; १०० सेंटिमीटर नळी आंत गेली तरी टोंक अर्ध्या वाटेवरच असूं शकतें. कुशल डॉक्टर फांसा सोडवून नळी सरळ करतात, तेव्हां आंतडें तिच्यावर त्या नेफ्याप्रमाणें गोळा होतें, आणि दीड मीटरच्या वाटेचें अगदीं शेवटचें टोंक ७० ते ८० सेंटिमीटरवर सांपडतें. तेव्हां ‘६० सेंटिमीटरवर पॉलिप’ या वाक्याला, तें अंतर नळी आंत जातांना मोजलें कीं सरळ करून बाहेर येतांना, हें कळल्यावांचून फारसा अर्थ नाहीं.

वाटेंत खुणा नाहींत असें नाहीं. पलीकडच्या टोंकाला आंत्रपुच्छाचें बारीकसें भोंक आणि लहान आंतडें जेथें येऊन मिळतें ती झडप, या दोन खुणा पक्क्या आहेत. अलीकडे गुदाशय ओळखूं येतो. मधल्या आडव्या भागांत आंतड्याची पोकळी तिकोनी दिसते. यकृताजवळच्या आणि प्लीहेजवळच्या वळणांवर भिंतींतून निळसर छाया डोकावते. परंतु बाकीचा प्रवास रात्रीच्या आगगाडीसारखा आहे. निघाल्याचें स्टेशन ठाऊक, पोंचल्याचें स्टेशन ठाऊक. मध्यें कोठल्याशा दिव्यापाशीं गाडी थांबली होती, तें गांव कोणतें म्हणून विचारलें तर छातीठोक सांगतां येत नाहीं.

आणि याची किंमत पडते ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर. उदाहरणार्थ, तपासणींत एक मोठासा पॉलिप, म्हणजे आंतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसांकुर, दिसला आणि डॉक्टरांनीं तो तेव्हांच तारेच्या फांसानें कापून काढला. रुग्ण सायंकाळीं घरीं आला, जेवला. कांहीं दिवसांनीं प्रयोगशाळेचा कागद येतो, त्यांत कर्करोग होता आणि तो कापलेल्या कडेपर्यंत पोंचलेला होता. म्हणजे त्या जागेचें आंतडेंच काढावयास हवें. पण ती जागा आतां कोठें आहे? आंत एक भरत आलेला व्रण, बाहेरून चहूंकडे सारखेंच गुळगुळीत आंतडें. पूर्वीं शस्त्रवैद्य पोट उघडून आंतडें बोटांनीं चांचपून पाहत, आणि गांठ मोठी असेल तर ती हाताला लागेही. हल्लीं दुर्बिणीच्या साह्यानें बारीक छिद्रांतून शस्त्रक्रिया होतात. तेथें बोटांना प्रवेश नाहीं. भलताच भाग कापून निघाला आणि रोगाची जागा पोटांतच राहिली, असे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयांत नोंदलेले आहेत. ज्या घरावर तो प्रसंग येतो, त्या घराला दुसऱ्यांदां सही करावी लागते.

यावरील उपाय साधा आहे, आणि तो म्हणजे शाई. सुईनें आंतड्याच्या अस्तराखालीं काळ्या शाईचा थेंब सोडतात. तो डाग बाहेरच्या बाजूनेंही दिसतो आणि शस्त्रवैद्याला जागा सांगतो. इंग्रजींत या क्रियेला जो शब्द आहे त्याचा अर्थ गोंदण असाच आहे. जिला इंग्रज ‘इंडिया इंक’ म्हणत, ती मूळची काजळीची शाई. आपल्या पोथ्याही दिव्याची काजळी डिंकांत खलूनच लिहिलेल्या आहेत. कार्बनाचे कण शरीराला पचवितां येत नाहींत, म्हणून आजीच्या कपाळावरचें गोंदण जसें जन्मभर राहतें तसाच आंतड्यांतील हा डागही वर्षानुवर्षें राहतो. आतां अर्थात् काजळी घोटावी लागत नाहीं. कार्बनाची निर्जंतुक, तयार शाई मिळते.

साध्या उपायालाही शिस्त लागते. सुई फार खोल गेली तर शाई आंतड्याबाहेर सांडून पोटांत सर्वत्र काळेंच काळें होतें, आणि खूण करण्याचा हेतूच बुडतो. म्हणून आधीं मिठाच्या पाण्याचा फुगवटा करून मग त्यांत शाई सोडणें सुरक्षित. एकच ठिपका दिला आणि तो नेमका पाठीमागच्या बाजूस गेला तर पोटांत पाहणाऱ्याला दिसणार नाहीं, म्हणून घेराभोंवतीं दोन-तीन ठिकाणीं द्यावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शाई गांठीच्या कोणत्या बाजूस दिली? युरोपांतील तज्ज्ञमंडळ ती गुदाशयाच्या बाजूस निदान तीन सेंटिमीटर अंतरावर द्यावी असें सांगतें. परंतु सर्वच रुग्णालयांची रीत एक नसते. डाग दिसला पण गांठ डागाच्या वर कीं खालीं हें लिहून ठेवलेलें नसलें, तर शस्त्रवैद्याच्या हातांत पत्त्याचें अर्धेंच पाकीट राहतें.

दुसरा मार्ग लोहचुंबकाचा. १९९३ सालीं इंग्लंडांत दोन निरनिराळ्या गटांनीं ही कल्पना प्रसिद्ध केली. नळीच्या लांबीवर तारेचीं बारीक वेटोळीं बसवावयाचीं. त्यांतून निघणारें क्षीण चुंबकीय क्षेत्र रुग्णाशेजारीं ठेवलेली तबकडी टिपते, आणि नळीनें पोटांत कसा आकार घेतला आहे याचें चित्र दुसऱ्या पडद्यावर उमटतें. फांसा कोठें पडला, तो कसा सोडवावा, मदतनीसानें पोटावर हात कोठें दाबावा, हें त्यावरून दिसतें. क्ष-किरण लागत नाहींत. नळीचें टोंक डाव्या बरगडीखालीं आहे कीं उजव्या, हें चित्रावरून पाहतां येत असल्यामुळें ‘आडव्या भागांत’ वगैरे शब्द निव्वळ अंदाजाचे राहत नाहींत. तथापि हें चित्र नळीचें आहे, आंतड्याचें नव्हे. चुण्या त्याला दिसत नाहींत.

लहान आंतड्याची गोष्ट याहून बिकट, कारण तें सहा मीटरांच्या घरांत जातें आणि तेथवर नेहमींची नळी पोंचतच नाहीं. इस्रायलमधील अभियंते गॅव्ह्रिएल इद्दान यांनीं, क्षेपणास्त्रांच्या डोळ्याचें काम करीत असतां सुचलेल्या कल्पनेवरून, गिळावयाच्या कॅमेऱ्याची गोळी तयार केली. २००० सालीं ‘नेचर’ या पत्रांत ती प्रसिद्ध झाली. ११ मिलिमीटर रुंद, २६ मिलिमीटर लांब. सेकंदास दोन चित्रें. आठ तासांत पन्नास हजारांवर. पोटावर चिकटविलेल्या ग्राहकांपैकीं कोणाला संदेश जोरानें पोंचतो यावरून गोळी कोठें असेल याचा अंदाज बांधून पडद्यावर तिच्या वाटेची रेघ काढतात. पण लहान आंतडें सारखें वळवळत असतें. आतां बेंबीखालीं असलेलें वेटोळें घटकाभरानें डाव्या कुशींत जातें. त्यामुळें रेघेपेक्षां घड्याळावरच डॉक्टरांचा भरंवसा अधिक. गोळी लहान आंतड्यांत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या वेळेपैकीं पहिल्या दोनतृतीयांशांत रक्तस्राव दिसला, तर पुढची लांब दुर्बीण सामान्यतः तोंडावाटे घालावयाची. त्यानंतर दिसला तर गुदद्वारावाटे. बैलगाडीच्या काळीं गांव किती कोस यापेक्षां किती प्रहरांवर, असें विचारीत. त्यांतलाच हा प्रकार.

येथवर प्रश्न होता तो सांपडलेली जागा दुसऱ्याला दाखविण्याचा. गेल्या कांहीं वर्षांत त्याला नवेंच तोंड फुटलें आहे: पडद्यावर समोर असूनही डोळ्यांतून निसटणारी वस्तु खुद्द तपासणाऱ्यालाच कशी दाखवावी? हें निसटणें थोडेंथोडकें नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेंत डग्लस रेक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८३ रुग्णांची एकाच दिवशीं लागोपाठ दोनदां तपासणी केली. पुढें कर्करोग होऊं शकेल अशा जातीच्या गांठींपैकीं २४ टक्के पहिल्या खेपेस निसटल्या होत्या. एक सेंटिमीटर व त्याहून मोठ्या गांठींत हें प्रमाण ६ टक्के होतें. म्हणजे बहुतेक निसटल्या त्या बारीक. तरीही आंकडा विचार करावयास लावणारा आहे.

आतां संगणक चित्र पाहत असतो आणि संशयास्पद जागेभोंवतीं क्षणार्धांत चौकट काढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें अशा पहिल्या यंत्राला, ‘जीआय जीनियस’ला, एप्रिल २०२१ मध्यें परवानगी दिली. त्याची चौकट हिरवी, सोबत हलकासा आवाज. तिच्या आधीं चीनमध्यें झालेल्या आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत १,०५८ रुग्ण होते. ज्यांच्यांत निदान एक तरी गांठ सांपडली त्यांचें प्रमाण संगणकाविना २०.३ टक्के, तर संगणकासह २९.१ टक्के आलें. इटलींतील ६८५ रुग्णांच्या २०२० सालच्या चांचणींत हेच आंकडे ४०.४ आणि ५४.८ होते. लाभ उघड आहे.

परंतु खूण काढावयाची कोठें, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर बरीच डोकेफोड झालेली आहे. चीनमधील चांचणींत निळी चौकट शेजारच्या वेगळ्या पडद्यावर येई आणि सोबत घंटा वाजे. मूळ चित्र स्वच्छ राही, पण डोळ्यांना दोन पडद्यांमध्यें येरझारा घालाव्या लागत. चौकट मूळ चित्रावरच काढली तर येरझारा वांचतात. उलट नजर चौकटीला बांधली जाते, आणि बाजूची दुसरी गांठ दुर्लक्षित होण्याचें भय राहतें. फुजीफिल्म कंपनीच्या यंत्रांत चौकटीखेरीज चित्राभोंवतालच्या वर्तुळाचा, ज्या दिशेस संशय असेल तेवढाच भाग उजळतो. आम्हांस ही युक्ति अधिक सभ्य वाटते. मोटार चालविणाऱ्याच्या शेजारीं बसून ‘अरे खड्डा, अरे गाय’ म्हणून सुकाणूवर हात टाकणारे काका निराळे, आणि नुसतें त्या दिशेला मान वळवणारे काका निराळे!

काकांच्या आरोळ्यांपैकीं खऱ्या किती, हाही प्रश्न आहेच. इटलींतील एका अभ्यासांत एका तपासणीमागें सरासरी सुमारें २७ खोट्या चौकटी मोजल्या गेल्या. बहुतेक वेळां ती आंतड्याचीच घडी असे, कधीं बुडबुडे अथवा मळ. अनुभवी डॉक्टर त्या क्षणांत झटकून टाकतात व तपासणीचा वेळ फारसा वाढत नाहीं. यापेक्षां गंभीर वृत्त २०२५ सालीं पोलंडांतून आलें. तेथील चार केंद्रांत संगणकाची मदत सुरू झाल्यावर, त्याच अनुभवी डॉक्टरांनीं जेव्हां संगणकाविना तपासण्या केल्या, तेव्हां गांठी सांपडण्याचें प्रमाण पूर्वींच्या २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर उतरलेलें आढळलें. एवढ्या एका निरीक्षणावरून निवाडा देतां येत नाहीं. रुग्णांत वा कामाच्या रीतींत दुसरा कांहीं फरक पडला असेल. पण दाखविणारा शेजारीं बसला म्हणजे पाहणाऱ्याची नजर सैल पडते, ही शंका आतां केवळ शंका म्हणून सोडून देतां येणार नाहीं.

घरच्या मंडळींच्या दृष्टीनें लक्षांत ठेवावयाची गोष्ट निराळीच आहे. संगणकाची चौकट गांठ पडद्यावर कोठें आहे तें दाखविते. ती शरीरांत कोठें आहे तें दाखवीत नाहीं. नळी चार बोटें हललीं कीं चौकट गेली. जागेचें नांव त्यानंतरही माणसालाच, खुणा पाहून, लिहावें लागतें. म्हणून रिपोर्ट हातीं आला म्हणजे त्यांत इतकें आहे कीं नाहीं तें पाहावें: आंत्रपुच्छाच्या भोंकापर्यंत तपासणी पोंचली काय आणि त्याचें छायाचित्र जोडलें आहे काय, गांठ आंतड्याच्या कोणत्या नांवाच्या भागांत होती, अंतर दिलें असल्यास तें बाहेर येतांना मोजलेलें आहे काय, गांठ सबंध काढली कीं तुकडा घेतला, शाई दिली असल्यास किती ठिकाणीं, गांठीपासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूस. यांतलें कांहीं नसेल तर डॉक्टरांना विचारण्यांत मुळींच अविनय नाहीं, आणि चांगले डॉक्टर त्याचा राग मानीत नाहींत. फक्त तें त्याच दिवशीं विचारून लिहून घ्यावें. आठवड्यानें विचारलें तर मध्यंतरीं त्यांच्या हातून आणखी वीस-तीस आंतडीं पाहून झालेलीं असतात.